सात बोटं, एक सुई
(मधुमेह असलेल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आहे. आज जे सांगणार आहे, ते माझ्याच चुकीपासून सुरू करते.

आमच्याकडच्या एका बचत गटानं वर्गणी काढून साखर तपासायचं मशीन घेतलं. दवाखान्यात जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो, तेव्हा कल्पना चांगलीच होती. पहिल्याच बैठकीत सात जणींनी साखर तपासली. पट्टी प्रत्येकीला नवी, कारण वापरलेली पट्टी मशीन घेतच नाही. सुई मात्र एकच. पेनासारख्या टोचणीत बसवलेली आणि दर वेळी स्पिरिटनं पुसलेली. मी तिथं बसले होते, आणि मला ते खटकलंसुद्धा नाही.

हिपॅटायटिस बी ही रक्तातून पसरणारी कावीळ. तिचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही निदान 7 दिवस टिकतो. डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्त त्याला पुरतं. सुई पुसून भागत नाही. सुई बदलली आणि पेन तेच ठेवलं तरी भागत नाही, कारण पेनाच्या टोकाला रक्त लागलेलं असू शकतं. सुई आणि पेन जिचं तिचं. सासूचं नको, नवऱ्याचंही नको. मशीनसुद्धा शक्यतो एकटीचंच असावं. सामाईक ठेवावंच लागलं, तर प्रत्येकीनंतर माहितीपत्रकात दिलेल्या पद्धतीनं ते निर्जंतुक करायला हवं.

हे कळल्यावर आम्ही त्या सात जणींना काविळीच्या तपासणीला बोलावलं. सहा आल्या, सहाही जणींना काही निघालं नाही. सातवीला नवऱ्यानं विचारलं, "कसली रक्ताची तपासणी? काय केलंस?" ती आलीच नाही. चूक आमची, आणि उलटतपासणी तिची.

आता तपासायचं कसं ते सांगते. आधी साबणानं हात धुवा आणि कोरडे करा. आंबा चिरून तसंच बोट टोचलंत तर मशीन आंब्याची साखर दाखवेल. ओल्या बोटानं थेंब पातळ होतो. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा. तिथं दुखतं कमी, आणि भांडी घासताना झोंबत नाही. बोट पिळू नका, हात खाली सोडून थोडा वेळ थांबा. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, गॅसजवळच्या फळीवर तर नकोच. डबीवरची तारीखही बघा.

मशीनचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. चांगल्या मशीनचाही आकडा शंभरात पंधरानं इकडेतिकडे होऊ शकतो. काल 130, आज 138, म्हणून घाबरायचं कारण नाही. आपल्यासाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती दुकानदार सांगत नाही. अंगात रक्त कमी असेल, तर काही मशीन साखर आहे त्याहून जास्त दाखवतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे साखर खरोखर उतरलेली असताना मशीन "ठीक आहे" म्हणू शकतं. तेव्हा हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा.

साखर 70 च्या खाली गेली, किंवा दरदरून घाम आला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. हरतालिकेचा निर्जळी उपास आणि वर इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी, असं आपल्यातल्या कितीजणी करतात! आधी डॉक्टरांना विचारा. उपासात साखर तपासली म्हणून उपास मोडत नाही. आणि मोडावाच लागला तर मोडा.

पट्ट्या महाग असतात हे खरं. पण मी घरोघर बघते, त्याच्या पट्ट्या मोजून आणल्या जातात आणि तिची साखर "अंदाजानं" कळते. किती वेळा तपासायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. घरात भांडताना तो कागद कामाला येतो.

वापरलेली सुई कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. जाड प्लास्टिकची, झाकणाची बाटली घ्या. फिनेलची रिकामी चालते. वर "सुया" असं मोठ्या अक्षरात लिहा, भरत आली की चिकटपट्टी लावा आणि कचरा न्यायला येणारीच्या हातात सांगून, वेगळी द्या. आमच्या त्या सात जणींतल्या दोघी कचरा वेचायला जातात. मशीनची वर्गणी त्यांनीही भरली होती.