लहान वयातील सवयी आणि उद्याचे नेतृत्व

(संस्थेच्या वर्षावास समाप्ती कार्यक्रमात भोर येथे केलेले भाषण)



प्राथमिक शाळेतील मुलांना नेतृत्वाच्या आणि स्वतःचे काम नीट करण्याच्या सवयी कशा लावाव्यात, हा विषय संस्थेने आम्हांस दिला आहे. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करीत आहोत. रविवारी सकाळी विहारात बालवर्ग चालवतो, एवढाच आमचा अधिकार. त्या वर्गात जे जमले आणि जे चुकले, तेच आज आपणांपुढे ठेवणार आहोत.

प्रथम नेता म्हणजे कोण, हे ठरवावे लागेल. आज मुलांना विचारले तर ती चौकातल्या फलकाकडे बोट दाखवतील. ज्याचा फोटो मोठा तो नेता! आपणही त्यांना हेच दाखवले आहे. एका वस्तीत जयंतीची दोन मंडळे, दोन पावतीपुस्तके आणि दोन मिरवणुका आपण काढतो. मुले हे पाहत असतात. परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत जे भाषण केले, त्यात राजकारणातील व्यक्तिपूजा देशाला अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. तो केवळ दिल्लीसाठी होता असे आपण समजतो. तो आपल्या गल्लीसाठीही होता. म्हणून आमच्या मते नेतृत्व म्हणजे पुढे उभे राहणे नव्हे. आपल्या वाट्याचे काम कोणी न सांगता करणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, चुकले तर कबूल करणे आणि वेळ आल्यावर न घाबरता प्रश्न विचारणे, या सवयी ज्याला लागल्या तो नेता. त्याचा फोटो लागो वा न लागो.

या सवयी लहानपणीच लावाव्यात, हा काही आजचा नवा शोध नाही. मज्झिम निकायात अंबलट्ठिका येथील राहुलोवाद सुत्त आहे. राहुल बालवयातच श्रामणेर झाला होता. तथागत त्याला बोलावून घेत नाहीत, स्वतः त्याच्याकडे जातात. राहुल आसन मांडतो, पाय धुण्यासाठी पाणी ठेवतो. पाय धुतल्यावर भांड्यात थोडे पाणी उरते. ते दाखवून तथागत त्याला समजावतात की, जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेच थोडे उरलेले असते. मग ते पाणी फेकतात, भांडे पालथे करतात, पुन्हा सुलटे करून रिकामे दाखवतात. पुढे आरशाची उपमा येते. आरसा पाहण्यासाठी असतो, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे. त्याने आपल्याला किंवा दुसऱ्याला दुःख होत असेल तर थांबावे. चूक घडून गेली असेल तर ती जाणत्या माणसापुढे उघड करावी आणि पुढे सावध राहावे. सम्राट अशोकाने आपल्या भाब्रू येथील लेखात भिक्खू आणि उपासकांनी ऐकावेत असे जे धम्मग्रंथ सांगितले, त्यांत राहुलाला केलेल्या या उपदेशाचा समावेश आहे. लहान मुलाला भांडे आणि आरसा दाखवून दिलेला हा धडा आहे. त्याला फळ्याची किंवा फीची गरज नाही.

आता शाळेकडे वळू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. सातारा आपल्याला लांब नाही, नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. त्या शाळेत बाबासाहेबांना बसायला स्वतःचे गोणपाट घरून न्यावे लागे आणि संध्याकाळी परत आणावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ उघडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे याच विद्यार्थ्याने १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. तेथील मुलांनी स्वतः 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तेथे विद्यार्थ्यांची संसद भरू लागली. मुलांच्या हाती काम सोपवले की ती घडतात, हे यातून दिसते.

त्याही आधी पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. काही वर्षांच्या शिक्षणावर एक शाळकरी मुलगी धर्ममार्तंडांना सवाल करते! तिला कोणी मॉनिटर नेमले नव्हते. तिला प्रश्न विचारण्याची सवय लागली होती.

आमच्या स्वतःच्या लहानपणी आम्ही ज्या शाळेत होतो, तेथे गोणपाटाचा काळ संपला होता. तरी वर्ग झाडायला रोज ठरावीक मुले उठत आणि हजेरीचा कागद कार्यालयात न्यायला दुसरी ठरावीक मुले जात. कोणी तसा नियम केला नव्हता. सर्वांना ती सवयच झाली होती. झाडू मारण्यात कमीपणा नाही, परंतु झाडू कायम एकाच्या हाती आणि हजेरी कायम दुसऱ्याच्या हाती असेल, तर एक मूल हुकूम ऐकायला शिकते आणि दुसरे हुकूम द्यायला. या दोघांपैकी कोणीही पुढे चांगला नेता होत नाही.

काही वर्षांपूर्वी बँकेच्या एका प्रशिक्षण वर्गात आम्हांस स्टीफन कोव्ही या अमेरिकन लेखकाच्या सात सवयींची ओळख झाली. त्यांचे हे पुस्तक १९८९ साली निघाले. महत्त्वाचे काम आधी करा, आधी दुसऱ्याचे समजून घ्या आणि मग आपले सांगा, दोघांचेही भले होईल असा मार्ग शोधा, अशा त्या सवयी. अमेरिकेत रॅले या शहरात ए. बी. कोम्ब्स नावाची एक प्राथमिक शाळा आहे. तिच्या मुख्याध्यापिका म्युरिअल समर्स यांनी १९९९ च्या सुमारास याच सवयी लहान मुलांना शिकवायला घेतल्या आणि प्रत्येक मुलाला शाळेत काही ना काही जबाबदारी दिली. त्यावर कोव्हींनी २००८ साली वेगळे पुस्तक लिहिले. आम्ही हे सारे उत्साहाने वाचले आणि विहारातल्या बालवर्गात नेतृत्वाचा कार्यक्रम सुरू केला.

येथे आमची पहिली चूक झाली. आम्ही चुणचुणीत मुले निवडली. १४ एप्रिलला घडाघडा भाषण म्हणणारी, नोकरदारांच्या घरची. त्यांत आमची मुलगीही होती. मागे बसणारी मुले मागेच राहिली. जे शाळेत आमच्या बाबतीत झाले, तेच आम्ही विहारात इतरांच्या बाबतीत केले.

दुसरी चूक अधिक मोठी होती. वर्गात आम्ही वही-पेन्सिलची पेटी ठेवली होती. घाऊक भावात माल आणायचा, मुलांनी त्याच भावात विकायचा, हिशेब लिहायचा. पेटी चौथीतल्या एका मुलाकडे दिली. तो भोरला मामाकडे राहून शिकत होता. एका रविवारी पस्तीस रुपये कमी आले. आम्ही सर्व मुलांसमोर विचारले, "पैसे कुठे गेले?" तो म्हणाला, "माहीत नाही, सर." आम्ही पुन्हा विचारले, आवाज चढवला, पंचशीलातले चौथे शील त्याच्याकडून म्हणवून घेतले. त्याने ते म्हटले आणि खाली मान घालून निघून गेला. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

चौकशी करता समजले की तो वेल्ह्याकडे आजीच्या घरी गेला आहे. आम्ही एसटीने नसरापूरवरून तिकडे गेलो. भात लावणीचे दिवस होते. आजी चिखलाच्या पायांनीच अंगणात आली आणि म्हणाली, "दादा, पोरानं पैसं खाल्लं न्हाईत. त्या तिसरीतल्या पोरीला वही नव्हती, बाई वर्गात बसू देईना, म्हणून त्यानं उधार दिली. तुम्ही वरडला, मग त्याला बोलवंना." तो दाराआड उभा होता.

धम्मबांधवहो, त्या दिवशी आम्हांस राहुलोवाद सुत्त खऱ्या अर्थाने समजले. तथागत राहुलाकडे स्वतः गेले होते. चारचौघांत त्याची झडती घेतली नव्हती. मुलाने आमच्या भीतीने सत्य लपवले होते, आणि ती भीती आम्ही निर्माण केली होती. पुढच्या रविवारी आम्ही वर्गासमोर उभे राहून माफी मागितली आणि हिशेबाच्या वहीत 'उधार' असा एक रकाना वाढवला. तो मुलगा वर्गात परत आला, आज माध्यमिक शाळेत आहे. पेटीला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही. ते नुकसान आमच्या खाती आहे.

बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवावी लागते. कमी भरली तर रोखपालाने त्याच दिवशी सांगायचे असते. त्याच दिवशी सांगितलेली चूक निस्तरता येते. लपवलेली चूक वाढत जाते. परंतु माणूस त्याच दिवशी केव्हा सांगतो? ऐकणारा आधी ऐकून घेईल, याची त्याला खात्री असते तेव्हा. मुलांना खरे बोलायला शिकवायचे असेल तर मोठ्यांनी आधी ऐकायला शिकले पाहिजे.

तेव्हापासून वर्गात आम्ही चार गोष्टी पाळतो.

पहिली, पाळी. झाडू, पेटी, हजेरी, वंदनेला पुढे बसणे, आलेल्या पाहुण्याला पाणी देणे ही सर्व कामे दर आठवड्याला फिरतात. पाळी चुकत नाही आणि विकता येत नाही. मुलगी म्हणून पाणी आणि मुलगा म्हणून पेटी, असे चालत नाही.

दुसरी, आरसा. प्रत्येक मुलाच्या वहीत तीन ओळी असतात: काय करायचे ठरवले, काय केले, कोणाला त्रास झाला का. पहिली-दुसरीतली मुले चित्र काढतात. ही वही आम्ही मोठ्याने वाचत नाही.

तिसरी, प्रश्न. प्रत्येक रविवारी प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा. बुजऱ्या मुलाला आम्ही घाई करीत नाही, पण त्याला वगळतही नाही. एक मुलगी चार महिने गप्प बसली आणि मग म्हणाली, "सर, तुमची पाळी झाडायला कधी येते?" त्या रविवारपासून आमचेही नाव पाळीत आहे.

चौथी, सभा. महिन्याच्या शेवटी मुले गोल बसून ठरवतात. ज्याच्या हाती खडू, त्यानेच बोलायचे, इतरांनी ऐकायचे.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. परिपाठ आणि शालेय मंत्रिमंडळ आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेच. तेथील मंत्रिपदे वर्षभर त्याच मुलांकडे ठेवू नका. वेल्ह्याच्या डोंगरी वाड्यांवरच्या कित्येक शाळांचा पट वीसच्या आत आहे. एरवी ती काळजीची गोष्ट आहे, परंतु या एका कामात ती सोय आहे. साठ मुलांच्या वर्गात पाळी क्वचितच येईल. बारा मुलांच्या शाळेत ती वारंवार येते. तोरणा आणि राजगडाच्या पायथ्याची ही मुले आहेत. वेल्हे तालुक्याला आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. शिवरायांभोवती बारा मावळांतले सवंगडी जमले, ते आपापली कामगिरी चोख करणारे होते म्हणून स्वराज्य उभे राहिले, हेही मुलांना सांगा. एका नायकाची गोष्ट सांगताना बाकीच्यांना विसरू नका.

शेवटी पालकांना. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या महिला. त्या बैठकीला आपण जातो का? की वही घरी आली की सही करतो? आईला बैठकीत बोलताना पाहिलेली मुलगी आपोआप बोलायला शिकते. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या बाबतीत तथागतांनी सांगितले की, जोपर्यंत ते वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात, तोपर्यंत त्यांची उन्नतीच होईल. दोन मंडळांच्या आपल्या वस्त्यांनी हे मनावर घ्यावे. मुले आपले भाषण ऐकत नाहीत, आपले वागणे पाहतात.

पुढे बसलेल्या बालमित्रांनो, आज कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या उचलण्याची पाळी आमची आहे. तुम्ही फक्त आम्ही ती नीट घडी घालतो की नाही, यावर लक्ष ठेवा. चुकले तर सांगा. आम्ही ऐकू.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. भवतु सब्ब मंगलं. जय भीम!