देवमाशाची पावती

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कमिटीने मला 'पंचवीस वर्षांचा आर्थिक आढावा' हा विषय दिला होता. बँकेत छत्तीस वर्षं आणि इथे अकरा वर्षं खजिनदार, त्यामुळे माझ्याकडून दुसरी अपेक्षा कोणी ठेवत नाही. पण तो आढावा स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आकड्यांसकट छापला आहे. पहिल्या काही वर्षांत आपण टँकरच्या पाण्यावर किती पैसे ओतले हे आत्ता ऐकलंत, तर जेवणाची चव जाईल. म्हणून अध्यक्षांची परवानगी घेऊन मी दुसरंच सांगणार आहे. गेल्या जानेवारीत आपल्यातले पाच जण पाचूबंदरहून अर्धा दिवस समुद्रात गेलो होतो. तेव्हापासून जिन्यात, लिफ्टमध्ये, रिक्षा स्टँडवर सगळे विचारतात, "काय काका, दिसला का व्हेल?" तर एकदाच सांगून टाकतो.

याची सुरुवात माझ्या मुलीमुळे झाली. ती अमेरिकेत असते. मागच्या वर्षी ती मंडळी कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकला गेली होती. तिथे सामाना नावाचा उपसागर आहे. जानेवारी ते मार्च या दिवसांत हम्पबॅक जातीचे देवमासे तिथे येतात. कॅनडा, ग्रीनलंड, आइसलँडच्या थंड पाण्यातून हजारो मैल पोहत यायचं, तिथल्या कोमट पाण्यात पिल्लं द्यायची आणि परत उत्तरेला जायचं. आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी येतात तसंच. अर्ध्या दिवसाचं तिकीट, बोटीत चहापाणी, अंतर राखून बोट थांबवायची. मुलीने व्हिडिओ पाठवला. पाण्यातून एक शेपूट वर आलं, आपल्या गेटच्या दोन्ही फळ्या उघडल्यासारखं पसरलं आणि सावकाश आत गेलं. मी फोन करून कौतुक केलं, तर म्हणते, "बाबा, तुम्ही तर समुद्राजवळच राहता. तुम्हाला काय नवल!"

हे मला लागलं. समुद्राजवळ राहतो खरं, पण पंचवीस वर्षांत पाचूबंदरला मी गेलो ते फक्त पापलेट आणायला, नाहीतर पाहुण्यांना किल्ला दाखवायला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला कसा घेतला ते मी पाहुण्यांना पाऊण तास सांगतो. किल्ल्याच्या तटापलीकडच्या पाण्यात काय राहतं, ते विचारलं असतं तर एक वाक्य आलं नसतं.

आपल्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशी आहेत, त्यांचा मुलगा नाखवा आहे. त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, "काका, व्हेल दाखवतो असं बोलणार नाय. डॉल्फिन बहुतेक दिसतील. नाय दिसले तर समुद्र दिसेल." हा माणूस मला आवडला. कर्ज मागायला येणारे सगळे असं बोलले असते, तर माझी नोकरी सुखात गेली असती.

दिवस ठरवला शनिवार, पौष शुद्ध द्वादशी. आमच्या पिढीने पाऊणकीचा पाढा पाठ केलेला आहे, त्याचा उपयोग या वयात कळला. तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावरच्या भरतीची वेळ साधारण निघते. बारा पाऊण नऊ. नाखवा म्हणाला, "साडेनऊ धरा." पाणी चढत असताना निघायचं आणि पाणी फार उतरायच्या आत परत यायचं, नाहीतर होडी लांब उभी राहते आणि आपण चिखलात. म्हणजे अर्धा दिवस ही आपली सोय नाही, समुद्राने दिलेली मुदत आहे.

घरच्यांचा विरोध होता, आणि तो रास्त होता. तीनच आठवड्यांपूर्वी गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या बोटीचा अपघात झाला होता. त्यामुळे मी आधी लाइफ जॅकेट मोजली, मग माणसं. माणसं पाच आणि जॅकेटं आठ असल्याची खात्री झाल्यावरच होडीत पाय ठेवला. बी विंगच्या वहिनींनी थेपले आणले होते. डी विंगच्या आमच्या मित्राने उलटी होऊ नये म्हणून गोळी घेतली होती. तरी झालीच.

साडेसहाला निघालो. अंधार होता. किल्ल्याचा तट उजवीकडे काळा दिसत होता, मागे तिवरं. खाडीच्या तोंडाशी आल्यावर दक्षिणेला उत्तनच्या बाजूचे दिवे दिसू लागले. उजाडलं तेव्हा मागे वळून पाहिलं, तर आपले सगळे टॉवर एका रांगेत काड्यापेट्या ठेवल्यासारखे. आपली इमारत कुठली यावर आमच्यात वाद झाला. गेली पंचवीस वर्षं गळती, पार्किंग आणि ट्रान्सफर फी यांवरून आपण ज्या इमारतीत भांडलो, ती तिथून ओळखूही येत नव्हती.

सव्वाआठ वाजता नाखव्याने इंजिन बंद केलं. "आता बोलू नका," म्हणाला. आपल्या वहिनींसाठी ही अवघड अट होती, पण त्यांनी पाळली. पाच-दहा मिनिटं काहीच नाही. मग डावीकडून 'फुस्स' असा आवाज आला. प्रेशर कुकरची शिट्टी नीट न बसता वाफ जाते ना, तसा. पाण्यातून एक राखाडी पाठ वर आली. पाठीवर कुबडासारखा उंचवटा, त्यावर छोटासा पर. मग दुसरी पाठ, मग तिसरी, आणि तिसरीला चिकटून एक लहान. हा आपल्या किनाऱ्याचा कुबडवाला डॉल्फिन. उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी राहतो, म्हणजे अगदी आपला शेजारी. जगाच्या यादीत त्याची नोंद आता संकटग्रस्त म्हणून आहे. सर्कशीसारख्या उड्या त्याने मारल्या नाहीत. श्वास घेतला, आत गेला, पुन्हा वर आला. वीस मिनिटं आम्ही नुसता त्यांचा श्वास ऐकत होतो.

देवमासा दिसला नाही. झालं, उत्तर संपलं. पण मला सांगायचं आहे ते पुढेच आहे.

परतताना मी नाखव्याला विचारलं, "इथे देवमासा कधी येतो का?" तो म्हणाला, "येतो की. मर्देसला मेलेला लागला होता ना." ते आपल्यातल्या काहींनी जाऊन पाहिलंही होतं, नाकाला रुमाल लावून. मी नंतर थोडं वाचलं. २०१५ साली सिंधुदुर्गाच्या समुद्रात अभ्यासकांना ब्लू व्हेल, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा प्राणी, जिवंत दिसला. त्याच वर्षी रेवदंड्याला एक किनाऱ्यावर लागून मेला. आणि मुलीने पाठवलेला तो हम्पबॅक, त्याचे भाऊबंद आपल्या अरबी समुद्रातही आहेत. फरक एवढाच, की आपले कुठे जात नाहीत, बारा महिने इथेच. ओमानच्या बाजूला त्यांची संख्या शंभराच्याही आत मोजली आहे. लुबान नावाच्या एका मादीला तिकडे उपग्रहाचं यंत्र लावलं होतं, तर ती २०१७ च्या डिसेंबरात अरबी समुद्र ओलांडून थेट गोव्याच्या बाजूला आली. लुबान म्हणजे आपला ऊद. पाहुणी आली आणि आपल्याला पत्ता नाही.

बोलता बोलता नाखव्याने होडीत पडलेलं एक जाळं उचलून दाखवलं. त्यात वीतभर भोकं होती. "हे डॉल्फिनचं. म्हावरं ओढून नेतात." मग म्हणाला, "मोठा आला तर भोक राहत नाय, काका. जाळंच राहत नाय."

हे ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. डी विंगवाल्या मित्राला वाटलं, मलाही समुद्र लागला.

१९८९ साली मी वसईत एका बँकेच्या शाखेत होतो. बँकेचं नाव सांगत नाही, पेन्शन तिथूनच येते. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात मच्छीमारांना जाळ्यांसाठी कर्ज मिळायचं. पाचूबंदरच्या एका मच्छीमाराला बारा हजार दिले होते. सात-आठ हप्ते वेळेवर आले, मग थांबले. बोलावलं. माणूस हात जोडून म्हणाला, "साहेब, देवमासा जाळं घेऊन गेला. हप्ते पुढे ढकला." काउंटरवर गर्दी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मग देवमाशाची पावती आण."

सगळे हसले. मीही हसलो. वाक्य चांगलं जमलं असं मला तेव्हा वाटलं होतं, हे आज कबूल करतो. त्याच्या अर्जावर मी शेरा मारला, 'कारण पटण्याजोगे नाही.' जामीनदाराला नोटीस गेली. दोन महिन्यांनी कर्ज पूर्ण फिटलं. वसुली चांगली झाली म्हणून वरून शाबासकीही आली. पैसे कुठून आले, हे मी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती.

होडीतून उतरताना मी नाखव्याला त्या माणसाबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आहेत की. आमच्याच आळीत." त्या दिवशी मी गेलो नाही. पुढचे आठ दिवसही गेलो नाही, घरी गुडघ्याचं कारण सांगितलं. शेवटी बायको म्हणाली, "गुडघा दुखतोय की दुसरं काही?" मग गेलो.

ते ओट्यावर बसून जाळं विणत होते. वय ऐंशीच्या पुढे. डोळ्यांना कमी दिसतं, पण बोटं चालू. मी बँकेतला, एवढंच सांगितलं. म्हणाले, "बँकेचे साहेब पुष्कळ आले, पुष्कळ गेले." चहा मागवला. जुन्या गोष्टी निघाल्या आणि आपणहूनच म्हणाले, "एक साहेब होता, बोलायचा देवमाशाची पावती आण. आम्ही पोरांना सांगून हसायचो. पोरगा अभ्यास करत नसला की त्याची आई बोलायची, पावती आण."

मी म्हटलं, "तो मीच."

त्यांचे हात थांबले. मग तोंडभर हसले. "मग आता पायजे काय पावती?" मीही हसलो, सुटलो असं वाटलं. तेवढ्यात ते जाळ्याकडे बघत म्हणाले, "इंजिन विकलं तेव्हा नाय हसलो."

मग मी ते काम केलं, जे १९८९ साली पाच मिनिटांत झालं असतं. विचारलं, "त्या रात्री नक्की काय झालं होतं?"

त्यांनी सांगितलं. पापलेटचं जाळं टाकून होडी त्याच्या दोरावर उभी होती. मध्यरात्री दोर ताणला आणि होडी उलटी ओढली जाऊ लागली. आधी वाटलं, मोठ्या जहाजात जाळं अडकलं. पण जहाजाचा दिवा नाही, आवाज नाही. मग अंधारात पाण्यावर मोठा श्वास सुटला. त्यांनी तोंडाने तो आवाज काढून दाखवला. मी आठ दिवसांपूर्वी ऐकला होता तोच, फक्त कितीतरी खोल आणि लांब. मासा असा श्वास सोडत नाही. ते म्हणाले, "जाळं त्याने नेलं नाय, साहेब. दोर आम्हीच तोडला. नाय तोडला तर आम्ही बुडलो असतो, नायतर तो गुदमरला असता. तुम्हाला हे बोललो असतो तर तुम्ही बोलला असता, स्वतःच तोडलं मग कर्ज कसलं माफ."

बरोबर होतं. मी अगदी हेच बोललो असतो.

आता एक माहिती, विशेषतः तरुण सभासदांसाठी. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र सरकारची योजना आहे. जाळ्यात डॉल्फिन, समुद्री कासव, देवमासा असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजारांपर्यंत भरपाई मिळते. अर्ज करायचा, आणि सोडतानाचे फोटो जोडायचे. म्हणजे देवमाशाची पावती आता खरोखरच निघते. फक्त हे ज्यांनी तीस वर्षं आधी केलं, त्यांच्या खिशात तेव्हा मोबाईल नव्हता आणि समोर मी होतो. मी त्यांना योजनेचं सांगितलं, तर म्हणाले, "नातवाला सांगा, त्याच्याकडे फोन आहे." नातवाचा फॉर्म कधी भरायची वेळ आली, तर तो मी भरून देणार आहे, असं त्याला सांगून ठेवलंय.

पुढच्या थंडीत पुन्हा जायचं आहे. नाखवा पाचच माणसं घेतो. नावं सेक्रेटरींकडे द्या, तिथी मी काढून देईन.

आज त्यांनाही बोलावलं होतं. गुडघे चालत नाहीत म्हणून आले नाहीत, त्यांचे मात्र खरोखरच दुखतात. नातवाबरोबर सुके बोंबील पाठवले आहेत. पिशवी वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवली आहे, वासाची तक्रार कृपया माझ्याकडे करावी. ज्यांना चालतात त्यांनी जाताना घेऊन जा.