राखणदार यंत्रात की माणसात?



पत्रिकेवर आजचा विषय वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात हे सर्व आपल्या देशात २०१९ पासून कायद्याने बंद आहे. मग कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने तिच्यावर व्याख्यान का द्यावे? आम्ही त्या वस्तूची भलामण करावयास उभे नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु या वस्तूच्या दोन जाती आहेत, आणि त्यांच्यातला भेद समजून घेतला म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यातील एक जुने भांडण लख्ख दिसू लागते. ते भांडण आज कारखान्याच्या फाटकापाशी थांबलेले नाही. ते तुमच्या-आमच्या घरात आले आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. चीनमधील होन लिक या औषधनिर्मात्याने २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचा पाया घातला. तंबाखू न जाळता निकोटिन पोटात, म्हणजे फुफ्फुसात, जावे ही कल्पना. आत एक विजेचा सेल, एक तारेचे वेटोळे, त्यात भिजलेला कापूस आणि ग्लिसरीनसारख्या द्रवात मिसळलेले निकोटिन. तार तापली की द्रवाची वाफ होते आणि ओढणारा ती ओढतो. याच्या मोठ्या हातयंत्रांमध्ये पुढे दोन जाती पडल्या.

पहिली जात यांत्रिक. ही म्हणजे थेट आपली जुनी विजेरी! तांब्याची किंवा पितळेची नळी, बुडाला बटण, मध्ये सेल, आणि डोक्यावर दिव्याच्या जागी तारेचे वेटोळे. बटण दाबले की मंडल पूर्ण होते आणि सेलच्या अंगात जेवढे बळ असेल तेवढे सरळ तारेत उतरते. मध्ये विचारणारे कोणी नाही.

दुसरी जात नियंत्रित. हिच्यात सेल आणि तार यांच्यामध्ये एक छोटी विद्युत्-पाटी बसविलेली असते. बटण दाबताच ती आधी तारेचा रोध मोजते. रोध फार कमी असेल, कोठे शॉर्ट असेल, सेल फार उतरलेला असेल किंवा पाटी स्वतः फार तापली असेल, तर ती चक्क नकार देते. बोट बटणावर राहून गेले तर काही सेकंदांनी प्रवाह तोडते. चांगल्या यंत्रात सेल उलटा बसला तरी अनर्थ होत नाही. थोडक्यात, या यंत्रात एक राखणदार नेमलेला आहे.

आता थोडा हिशेब करू. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही, पण हा हिशेब करावयास कॉलेज लागत नाही. जर्मनीच्या गेऑर्ग ओहमने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम सांगतो की, व्होल्टला रोधाने भागले म्हणजे प्रवाह निघतो. या यंत्रांत बहुधा लिथियमचा ‘१८६५०’ नावाचा सेल असतो. नावातच त्याचे माप आहे : जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. पूर्ण भरला की तो ४.२ व्होल्ट देतो. यांत्रिक नळीवर अर्ध्या ओहमची तार बसविली तर ८.४ अँपिअर वाहतील. सेलला ते सहज झेपते. तीच तार ०.१ ओहमची झाली की ४२ अँपिअर! आणि या आकाराचे चांगले सेलही बहुधा वीस ते तीस अँपिअर सतत देण्याच्या बेताने बनविलेले असतात. सेलला ‘मला झेपत नाही’ असे म्हणता येत नाही. तो तापतो, आतला ज्वालाग्राही द्रव पेट घेतो, उष्णतेने उष्णता वाढत जाते, आणि बंद नळीत कोंडलेला वायू सापडेल ती वाट फोडून बाहेर पडतो. त्यातून सेलचे कवच जवळजवळ वरच्या टोकापर्यंत ऋण असते; धन टोक आणि ते कवच यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकचे वेष्टन, एवढेच काय ते कुंपण. ते फाटले आणि सेल धातूच्या नळीत गेला की शॉर्ट झालाच म्हणून समजा.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली जो अहवाल काढला, त्यात २००९ ते २०१६ या काळातील आग आणि स्फोटाच्या १९५ घटना नोंदल्या आहेत. त्यांत १३३ माणसे जखमी झाली आणि त्यांपैकी ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. हे आकडे सर्व प्रकारच्या ई-सिगारेटींचे मिळून आहेत, केवळ यांत्रिक जातीचे नव्हेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे २०१८ साली फ्लोरिडात अशा स्फोटाने एक माणूस दगावला. ते यंत्र यांत्रिक जातीचे होते.

यांत्रिक यंत्राच्या चाहत्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. ते म्हणतात, आमच्या नळीत बिघडण्यासारखे काही नाही. पाटी जळेल, पडदा फुटेल; पितळेची नळी धुऊन पुसून वर्षानुवर्षे वापरावी. शिवाय आम्हाला ओहमचा नियम येतो, आम्ही तार मोजून बसवितो; ज्याला अक्कल नाही त्याने हात लावू नये. या बोलण्यात कसबी माणसाचा अभिमान आहे, आणि आम्हाला त्याचा आदर वाटतो. आपले हत्यार आतून-बाहेरून जाणणारा फिटर कोणत्याही कारखान्याचे भूषण असतो.

परंतु हा युक्तिवाद आमच्या कानाला फार ओळखीचा आहे. एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एका पोराची तीन बोटे गेली. प्रेसला दोन बटणे होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय साचा खाली येऊ नये, म्हणजे हात साच्याखाली राहणारच नाही, अशी ती योजना. पण नगांचा कोटा पुरा व्हावा म्हणून एक बटण कायमचे दाबून ठेवलेले होते. चौकशीत व्यवस्थापनाने एकच वाक्य सांगितले : कामगार बेसावध होता. बेसावध होता, हे खरेच! आठव्या तासाला, रात्रपाळीत, हजारावा नग काढताना कोण सावध असतो? दुसरे बटण होते तेच मुळी त्या बेसावध क्षणासाठी. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोक्याच्या भागांना भक्कम कुंपण घालण्याची आणि यंत्र चालू असताना ते जागेवर ठेवण्याची जबाबदारी घातली होती, ती याच अनुभवातून. कुंपण शहाण्यालाही हवे, कारण शहाणाही दिवसातून चार वेळा वेंधळा असतो.

यांत्रिक नळीत राखणदार कोठे आहे? वापरणाऱ्याच्या डोक्यात. तो झोपेत असेल, घाईत असेल, किंवा त्याने ती नळी ओहमचे नावही न ऐकलेल्या मित्राच्या हाती दिली असेल, तर राखणदार गैरहजर! नियंत्रित यंत्रात तो यंत्रातच आहे आणि त्याला रजा नाही. म्हणून या दोहोंत आमचे मत निःसंशय नियंत्रित यंत्राच्या बाजूने पडते.

पण राखणदार आहे म्हणून दार उघडे टाकून झोपावे असे नाही. त्यालाही मर्यादा आहेत.

एक तर, नियंत्रित यंत्र ठरलेली शक्ती कायम ठेवते, म्हणून सेल उतरत जातो तसे ते त्याच्याकडून जास्त प्रवाह ओढते. ऐंशी वॅटसाठी ४.२ व्होल्टला १९ अँपिअर पुरतात, ३.२ व्होल्टला २५ लागतात. सेलवर खोटे आकडे छापलेले असतील तर पाटी बिचारी काय करणार?

दुसरे, सेल यंत्राबाहेर काढून खिशात टाकला की राखणदार मागेच राहिला. वर सांगितलेल्या १९५ घटनांपैकी ६१ घटना यंत्र किंवा सुटा सेल खिशात असताना घडल्या. किल्ल्या आणि नाणी शॉर्ट करावयास पुरेशी असतात.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. पाटी विजेची राखण करते, छातीची नव्हे. २०१९ साली अमेरिकेत वाफ ओढणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या विकाराची साथ उसळली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना इस्पितळात न्यावे लागले, किंवा ते दगावले. मृतांची नोंद ६८ झाली. मुख्य संशय ठरला तो गांजाच्या अर्काच्या तेलात मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’वर. रोध बरोबर, प्रवाह बरोबर, आणि माणूस इस्पितळात! द्रवावर राखण कायद्याने ठेवावी लागते. युरोपीय संघाने २०१६ पासून निकोटिनला मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. आपण सरसकट बंदीचा मार्ग घेतला; पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरुणांना नव्या व्यसनापासून वाचविण्याचा हा हेतू आम्हाला मान्य आहे. मात्र चोरवाटेने येणाऱ्या मालाला तपासनीस नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता घराकडे वळू. ज्यांनी ई-सिगारेट डोळ्यांनी पाहिलेलीही नाही, त्यांच्याही घरात लिथियमचे सेल आहेत. ते मोबाईलच्या पॉवर बँकेत आहेत, खेळण्यात आहेत, विजेच्या स्कूटरमध्ये आहेत. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटल्याचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्या वर्षी देशात अशा आगी लागोपाठ लागल्या, तेव्हा सरकारने वाहनांच्या बॅटरीचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू केले. राखणदार यंत्रातच बसविला पाहिजे, हे तत्त्व तेथे मान्य झाले. पण आधी आगी लागाव्या लागल्या.

म्हणून आमची विनंती एवढीच. सेल असलेली वस्तू घेताना किमतीबरोबर हेही विचारा की, चूक झाली तर ही वस्तू स्वतःला थांबविते की नाही. वेष्टन फाटलेला सेल वापरू नका, सुटा सेल खिशात ठेवू नका, आणि घराबाहेर पडण्याच्या दारात स्कूटर भारित करावयास लावू नका. जे कारखान्यात आहेत त्यांनी दुसरे बटण कोणालाही बांधू देऊ नये, वरच्या साहेबाने सांगितले तरी. आणि कोठे अपघात झाला व कोणी ‘तो बेसावध होता’ असे म्हणाले, तर तेथेच त्याला विचारा : ठीक आहे, पण राखणदार कोठे होता?