माळाचा आवाज दालनात

धनज हे कारंजा तालुक्यातलं गाव. याच भागात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, सुमारे १८ चौरस किलोमीटरचं. तिथलं काळवीट माळावर वावरतं, पण संग्रहालयाच्या दालनात काचेआडचं काळवीट मुकंच राहतं. त्याला त्याचा माळ परत द्यायचा, तर आवाज थरांनी रचावा लागतो. नाकतोड्यांची किरकिर जमिनीलगतच्या स्पीकरमधून, चंडोलाचं गाणं छतातून, मध्येच टिटवी! एकच ध्वनिफीत सतत फिरली, की कान लगेच ओळखतो. म्हणून किरकिर ७ मिनिटांची, तर पाखरं ११ मिनिटांची ठेवावीत. मग तीच जुळणी ७७ मिनिटांनीच परत येते. पण आवाज इथलेच हवेत, उसने नकोत. तेव्हा पहाटे माळावर गेलात, तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण जरूर करा. सुरुवातीला तारीख, वेळ आणि जागा बोलून ठेवा.