स्वस्त विमान आणि प्रवाशाचे मत



जवळच्या पल्ल्याची स्वस्त विमानसेवा आणि तिच्याविषयी प्रवाशांची मते, असा आजचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, हा विषय शहरातल्या माणसांचा, आम्हांला एस. टी. वेळेवर मिळाली तरी पुष्कळ! पण थोडे ऐकून घ्या.

मी मानखुर्दला राहतो. सायन-पनवेल महामार्ग आमच्या वस्तीला लागून जातो आणि गणपतीच्या आधी कोकणात निघालेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांची त्यावर रीघ लागते. अलीकडे त्यांतला एखादा सांगतो, ‘सर, यंदा आम्ही विमानानं.’ परत आल्यावर त्याला मत विचारावे. एक म्हणतो, ‘रात्रभर उभ्यानं जायचो, ते दीड तासात पोचलो. झकास!’ त्याच विमानातून गेलेला दुसरा म्हणतो, ‘कसलं विमान! पाय पसरायला जागा नाही, चहासुद्धा विकत.’ विमान एक, दिवस एक. मग खरे कोणाचे? दोघांचेही. पहिल्याने विमानाची तुलना एस. टी.शी केली, दुसऱ्याने मोठ्या विमानाशी. प्रवाशाचे मत ऐकताना तो कशावरून उतरून विमानात बसला, हे आधी पाहावे लागते.

स्वस्त विमानाची ही रीत युरोपात रूढ करणाऱ्यांपैकी एक म्हणजे इंग्लंडमधील ईझीजेट ही कंपनी. नोव्हेंबर १९९५ मध्ये तिचे पहिले विमान लंडनजवळच्या ल्यूटनहून स्कॉटलंडात गेले. भाडे २९ पौंड. तिकिटे फोनवर मिळत आणि फोनचा नंबर विमानाच्या अंगावरच मोठ्या अक्षरांत रंगवलेला असे. खाणे फुकट नाही आणि उशिरा येणाऱ्याला दयामाया नाही. पुढे या कंपनीच्या विमानतळावरील रोजच्या कारभारावर एक दूरदर्शन-मालिकाच निघाली. दोन मिनिटे उशीर झाला म्हणून मागे राहिलेले, रागाने लालबुंद झालेले प्रवासी लोकांनी घरबसल्या पाहिले. आणि गंमत अशी, की तरीही कंपनीचे प्रवासी वाढतच गेले. लोक शिव्या देत होते आणि तिकीटही काढत होते!

आपल्याकडे हा प्रयोग कॅप्टन गोपीनाथ या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने २००३ साली एअर डेक्कनच्या रूपाने केला. चिन्ह म्हणून त्यांनी आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ घेतला, तोच चौकड्यांचा कोट घातलेला, कधीही न बोलणारा गृहस्थ. सुरुवातीला या विमानांत आसनांना क्रमांकच नसत; जो आधी चढेल त्याची जागा. रुमाल टाकून जागा धरण्याची आपली विद्या तिथे कामी आली असेल, यात शंका नाही. एक रुपयात तिकीट, अशीही योजना निघाली. हजारो माणसे आयुष्यात प्रथमच उडाली. उशिराबद्दल बोलही पुष्कळ लागले. अखेर ती कंपनी किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि २०१२ साली किंगफिशरही जमिनीवर बसली.

हा उशीर होतो कशाने, ते समजून घ्या. स्वस्त कंपनीचे पोट विमान सतत फिरते ठेवण्यावर भरते. तेच विमान सकाळपासून रात्रीपर्यंत पाच-सहा फेऱ्या करते आणि मध्ये जेमतेम अर्धा तास थांबते. सकाळी एके ठिकाणी धुके पडले, की संध्याकाळी भलत्याच गावचा प्रवासी ताटकळतो. मोठ्या शहरात दुसरे विमान असते. लहान गावी ते नसते, आणि आपला प्रश्न इथे सुरू होतो.

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेच्या पहिल्या विमानांत नांदेड-हैदराबाद हे विमान होते. योजना अशी, की तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागा सुमारे अडीच हजार रुपयांत द्याव्यात आणि कंपनीची तूट सरकारने तीन वर्षे भरून काढावी. नांदेडचे ते विमान चालवणारी ट्रूजेट कंपनी पुढे बंद पडली. ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि मुंबईहून सत्तर-बहात्तर आसनांचे, पंख्याचे विमान येऊ लागले. कौतुक झाले. मग फेऱ्या रद्द होऊ लागल्या, तशा तक्रारीही आल्या. सुरुवातीच्या काळात तिथे रात्री उतरण्याची सोय नव्हती. म्हणजे मुंबईत विमान दुपारभर रखडले, तर उशीर नव्हे, फेरीच रद्द. आईच्या दिवसाकार्याला निघालेल्या माणसाला मग रात्रीची गाडी तरी कुठून मिळणार?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोच्या हजारो फेऱ्या रद्द झाल्या. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि कंपनीची तयारी अपुरी पडली. विमानतळांवर सामानाचे डोंगर साचले, ती चित्रे घरोघरी पोचली, सरकारला धावावे लागले. हेही प्रवाशांचे मतच, पण ते लाखोंचे होते. चिपीला अडकलेली सत्तर माणसे काय म्हणतात, हे कोणाला ऐकू जाते? सरकारचे नागरी विमान महासंचालनालय दर महिन्याला दहा हजार प्रवाशांमागे तक्रारी किती, हा आकडा छापते. गावाकडचा माणूस चरफडतो, पारावर बोलतो, पण लिहीत नाही. म्हणून त्या आकड्यात तो नसतोच. ‘लोकांची तक्रार नव्हती’ असे म्हणायला मग कोणीही मोकळा.

शिक्षकांनी हा विषय निबंधाच्या तासाला घ्यावा, असे मला वाटते. ‘विमान फारच बेकार’ हे एक वाक्य. ‘दोन वाजताचे विमान पाच वाजता रद्द झाल्याचे सांगितले, तोवर पाणीही विचारले नाही’ हे दुसरे. पहिल्याला उत्तर देण्याची कोणालाच गरज नाही. दुसऱ्याला द्यावेच लागते. कारण अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तासांहून अधिक रखडले, तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची, असा नियम आहे. फेरी रद्द झाली तर दुसरे विमान किंवा पैसे परत. आयत्या वेळी आणि कंपनीच्याच कारणाने रद्द झाली, तर वर भरपाईही; तासाभरापर्यंतच्या प्रवासाला पाच हजार, दोन तासांपर्यंत साडेसात हजार, किंवा मूळ भाडे अधिक इंधन-आकार, यांत जे कमी असेल ते. वादळ-पावसाला भरपाई नाही. तिकिटाचे पैसे मात्र परत मिळतात.

तक्रार आधी कंपनीकडे करावी, दाद लागली नाही तर सरकारच्या ‘एअरसेवा’वर. तारीख, विमानाचा क्रमांक, सांगितलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ एवढे त्यात हवे. विमानात चढण्याचा पास खिशात कोंबून फाडू नका, जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट, बरे का. तिकीट काढताना संपर्काचा पत्ता नीट दिला नसेल, तर भरपाई नाकारता येते. आपल्याकडे तिकीट बहुधा मुंबईचा पुतण्या काढतो किंवा तालुक्याचा एजंट, आणि मोबाइलचा नंबर स्वतःचाच घालतो. विमान रद्द झाल्याचा निरोप मग त्याला जातो आणि काका रिक्षा करून विमानतळावर पोचतात. तेव्हा नंबर आपला घालायला सांगा. आणि पुतण्याचाच घातला असेल, तर निघण्याआधी त्याला एक फोन करा.