महामार्गाला नाव द्यायचे तर

२५ जानेवारी २०११, मंगळवार. प्रजासत्ताक दिनाची पूर्वसंध्या. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळच्या पानेवाडी परिसरातून सरकारी गाडीने चालले होते. रस्त्याकाठच्या ढाब्यापाशी त्यांना टँकर दिसले आणि टँकरांभोवती चाललेला भेसळीचा उद्योगही दिसला. ते उतरले आणि मोबाइलवर चित्रण करू लागले. थोड्याच वेळात टोळीने त्यांना गाठले, मारहाण केली आणि रॉकेल ओतून जिवंत पेटवले. भरदिवसा, वाहत्या रस्त्यालगत.

मनमाडच का, हे नाशिक जिल्ह्याला सांगायला नको. मुंबईच्या रिफायनरीतले इंधन पाइपलाइनने इथे येते, तेल कंपन्यांच्या डेपोंतून टँकर भरतात आणि राज्याच्या कानाकोपऱ्यात जातात. रेशनवरचे निळे रॉकेल तेव्हा डिझेलच्या निम्म्याहूनही कमी भावात मिळत होते. गरिबाच्या स्टोव्हसाठी दिलेले ते रॉकेल डिझेलमध्ये मिसळले, की दोन भावांमधला फरक थेट खिशात पडायचा. सोनवणे यांनी हात घातला तो या पैशाला. अपर जिल्हाधिकारी हा दंडाधिकारीही असतो. तेव्हा तिथे थांबणे ही त्यांची हौस नव्हती, कर्तव्य होते. मात्र ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून काच वर करून पुढे जाणेही त्यांना सहज शक्य होते.

२७ जानेवारीला राज्यभरातले सरकारी कर्मचारी संपावर गेले. छापे पडले, धरपकड झाली. पुढे तपास सीबीआयकडे गेला.

कर्तव्यावर मरण आलेल्या पोलिसाच्या स्मृतीसाठी देशाने काही सोय केली आहे. १९५९ साली लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस जवान मारले गेले. तो २१ ऑक्टोबरचा दिवस पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. दिल्लीत चाणक्यपुरीत २०१८ मध्ये राष्ट्रीय पोलीस स्मारक उभे राहिले, तेव्हा तिथल्या भिंतीवर ३४ हजारांहून अधिक नावे कोरलेली होती. मुंबईत गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे यांचा पुतळा आहे. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचा हा सहायक उपनिरीक्षक २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हातात फक्त काठी घेऊन दहशतवादी कसाबच्या बंदुकीला भिडला. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले आणि २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी ‘इसियस तुकारामी’ हे नाव दिले. महसूल खात्यातल्या माणसासाठी मात्र दिल्लीतली ती भिंत नाही. म्हणूनच सोनवणे यांच्या बाबतीत रस्त्याला त्यांचे नाव देण्याचा विचार करायला हवा.

महामार्गाचा क्रमांक कोणाच्या मनात घर करत नाही. नाशिक-पुणे महामार्ग आधी ५० क्रमांकाचा होता. २०१० च्या नव्या क्रमवारीत तो ६० झाला. लोकांच्या तोंडी तो तेव्हाही पुणे रोड होता आणि आजही आहे. नुसते नाव देऊनही भागत नाही. महात्मा गांधी रोडचा ‘एमजी रोड’ नाशिककरांनीच केला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात महामार्गाच्या एखाद्या टप्प्याला मृत पोलीस अधिकाऱ्याचे नाव द्यायचे, तर तिथले विधिमंडळ ठराव करते. त्या ठरावात अधिकारी कोण होता आणि कसा मारला गेला याची हकीकत असते. फलकाचा खर्च सरकारी तिजोरीतून नव्हे, देणग्यांतून होतो. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने तर २००२ साली यासाठी स्वतंत्र कायदाच केला. तिथे महामार्गावरच्या पुलांना अशी नावे दिली जातात. यातली घेण्याजोगी गोष्ट म्हणजे हकीकत. ती लिहायची म्हणजे आधी नीट चौकशी करावी लागते, आणि पैसा लोकांनी घातला की फलकाची काळजीही लोकच घेतात.

अशा नावांत राजकारण शिरते, हा आक्षेप खरा आहे. हयात असलेल्यांची नावे आणि मोठ्या घराण्यांची नावे आपल्याकडे चटकन लागतात. पण मनमाडच्या रस्त्यावर कर्तव्य करताना मेलेल्या अधिकाऱ्याच्या नावावर कोणत्या पक्षाची मालकी सांगता येईल? नाव आणि खटला या वेगळ्या गोष्टी आहेत हेही मान्य. फलक लावून न्यायाची भरपाई होत नाही आणि कोणी तसे समजूही नये.

रस्त्याकाठी, टँकरचालकाला दिसेल अशा जागी, मराठी आणि हिंदी दोन्हींत मजकूर हवा: यशवंत सोनवणे, अपर जिल्हाधिकारी, मालेगाव. इंधनातील भेसळ रोखताना याच परिसरात हत्या, २५ जानेवारी २०११. गुळगुळीत विशेषणे नकोत, ‘कर्तव्यदक्ष’सुद्धा नको. त्यांनी काय केले ते लिहिले की पुरे.

मनमाड नगरपालिका, आसपासच्या ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषद यांनी असे ठराव करून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे पाठवावेत. मनमाड, नांदगाव, मालेगावहून आलेल्या श्रोत्यांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, ही विनंती.