ओतकामाची राळ आणि तिचे रंग



राळ हा शब्द आपल्याला नवा नाही. सालवृक्षाची राळ आपण धुपात घालतो. सावंतवाडीचे लाखकाम प्रसिद्ध आहे. ती लाख म्हणजे किड्यापासून मिळणारी राळच. आता कारखान्यात तयार झालेली पातळ राळही बाजारात मिळते. तिच्यात हार्डनर मिसळून साच्यात ओतली की ती काचेसारखी घट्ट होते. आत वाळलेली फुले, बिया, शिंपले बसवून शाळेत सुंदर वस्तू करता येतात. पण राळ कोणती घ्यावी आणि रंग कोणता घालावा, हे आधी ठरविले पाहिजे.

ओतकामाला मुख्यतः तीन जाती वापरतात. पॉलिएस्टर राळ स्वस्त. पण तिच्यातील स्टायरिनचा वास उग्र आणि अपायकारक असतो. वर्गात ती नकोच. पॉलियुरेथेन झटपट घट्ट होते. पण ओलाव्याशी तिचे वैर. पावसाळी दमट हवेत तिच्यात बुडबुडे धरतात. तिसरी एपॉक्सी. ही महाग आणि सावकाश घट्ट होणारी. पण वास कमी, आकसणेही कमी. शाळेसाठी हीच बरी.

मात्र वास कमी म्हणून ती निरुपद्रवी समजू नका, बरं का! पातळ एपॉक्सी वारंवार कातडीला लागली तर पुरळ उठते, आणि एकदा अंगाला ती सोसेनाशी झाली की तो त्रास बहुधा जन्मभर राहतो. म्हणून मिसळण्याचे व ओतण्याचे काम शिक्षकांनीच, हातमोजे घालून, दारेखिडक्या उघडून करावे. मुलांनी साच्यात फुले मांडावीत, रंग निवडावेत.

डब्यावर जे प्रमाण लिहिले असेल तेच घ्यावे. ते वजनाचे आहे की मापाचे, हेही वाचावे. चुलीत लाकूड जास्त घातले की भात लवकर शिजतो. तसा हिशेब इथे नाही. एपॉक्सीत हार्डनर जास्त झाला तर वस्तू मऊ किंवा चिकट राहते. थरही एकदम जाड ओतू नये. घट्ट होताना राळ तापते. जाड थरात उष्णता कोंडून तडे जातात.

आता रंग. शाळेच्या पेटीतले पाण्याचे रंग घालू नका. पाण्यामुळे राळ गढूळ होते, नीट घट्टही होत नाही. हळद घालावी म्हणाल, तर हार्डनर चुन्यासारखा क्षारधर्मी असतो. त्यात हळद तांबूस होऊ शकते, आणि उन्हात तिचा रंग उडतो. त्यापेक्षा गेरू घ्या. तो लोहाच्या गंजाच्या जातीचा, म्हणून उन्हाला टिकतो. काळ्यासाठी काजळी चालेल. भुकटी तव्यावर कोरडी करून, गार झाल्यावर वस्त्रगाळ करावी आणि हार्डनर घालण्यापूर्वी थोड्या राळेत घोटावी. 100 ग्रॅम राळेला 2 ग्रॅम भुकटी पुरे. फुलेही अगदी सुकलेली हवीत.

पहिल्यांदा बाटलीच्या झाकणात चमचाभर नमुना करून दोन दिवस ठेवा. उरलेली राळ गटारात ओतू नका. घट्ट झाल्यावर टाका. वस्तू बिघडली तर दुसरी करता येईल, मुलाची कातडी दुसरी मिळायची नाही. एवढे ध्यानात ठेवून कामाला लागा.